सव्वा मूठ

“आते समाधानना नावनी,” असं म्हणत प्रमिलाबाईंनी डब्यातले सव्वा मूठ गहू परातीत टाकले, आणि धनसिंग सरांच्या जिवात जीव आला. लेकाचं नाव तरी अजून शाबूत होतं म्हणायचं.

कानबाई देवीच्या रोटाचे, म्हणजे फक्त घरच्यांसाठी केलेल्या नैवेद्याचे गहू होते ते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घ्यायची आणि ती थोरल्या बाईनेच घ्यायची, ही रीत. सून दिपमाला शेजारी बसली होती, चुकलं तर सांगायला.

धुळ्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवण्यात सरांचा जन्म गेला. दरवर्षी पोरांना पांझरेच्या काठी न्यायचं, झिजलेल्या काळ्या दगडावर हात ठेवायचा आणि सांगायचं, “नदी आज जे करतेय, तेच पूर्वीही करत होती. कण कण नेते. त्याला प्रलय लागत नाही.” कुणी विचारलं, “मग दिसत का नाही, सर?” की सर ऐटीत म्हणायचे, “रोज बघतोस ना, म्हणून!”

आणि हेच सर बायकोला दाखवायला नेलं तेव्हा जळगावच्या डॉक्टरांपुढे प्रलय हुडकत बसले. डॉक्टरांनी एवढंच विचारलं होतं, “विसरणं कधीपासून?” न्हाणीघरात पाय घसरला तेव्हापासून? की तो मोठा ताप आला तेव्हापासून? कुठलाच दिवस सापडेना. भाजीत दुसऱ्यांदा मीठ पडलं, गल्लीचं वळण चुकलं, नातीला आत्याच्या नावाने हाक गेली. सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत झालं होतं, आणि ते हसण्यावारी नेत राहिले. आता हात चोळत बसण्यावाचून त्यांना काही सुचत नव्हतं.

“आते कोन राह्यनं, आत्याबाई?” दिपमालाने हळूच विचारलं.

सर सावरून बसले. प्रमिलाबाईंनी उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. त्यांच्या मुठीची वेळ आली की त्या नुसत्या सरांकडे बघायच्या, गालातल्या गालात हसायच्या आणि मूठ चांगली भरभरून घ्यायच्या. सर वर्षभर त्या हसण्याची वाट बघत.

प्रमिलाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. अगदी निरखून बघितलं.

“तुमनं नाव काय शे, भाऊ?”

दिपमालाने पदर तोंडाला लावला. सरांनी नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

“च्या पीसन जा हां,” प्रमिलाबाई अगत्याने म्हणाल्या. “पन रोटम्हा पाव्हणासनी मूठ नही ऱ्हास.” आणि त्यांनी डब्याला झाकण लावलं.

“बरं,” सर म्हणाले. परातीतून उडालेला एक गहू त्यांच्या मांडीवर पडला होता. तो उचलून त्यांनी हात परातीपर्यंत नेला, आणि तसाच मागे घेतला.