‘तो काही करत नाही’

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची वादी आहे. कुत्र्याला फिरायला नेताना हातात धरतात ना, ती. माझ्या एका टोकाला मनगट घालायचा फासा आहे आणि दुसऱ्या टोकाला गळपट्ट्यात अडकवायचा पितळी आकडा. एका टोकाला मान आणि दुसऱ्या टोकाला माणूस, असा माझा सगळा जन्म गेला. त्यामुळे कुत्रा केव्हा घाबरतो आणि माणूस केव्हा तोंडदेखलं हसतो, हे मला बरोबर कळतं. कुत्र्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

चेक देशात, लाबे नदीच्या काठी, कोलीन गावात एक म्हातारा कारागीर घोड्यांचे साज शिवायचा. गावातून घोडे गेले तसं त्याचं काम सरत आलं. लगामासाठी आणून ठेवलेल्या चामड्यातून त्याने मला कापलं, मेण लावलेल्या दोऱ्याने कडा शिवल्या आणि तेलाचा हात फिरवून दुकानाच्या काचेत टांगलं. रेल्वेत नोकरी करणाऱ्या ओल्द्रिख कुबात यांनी मला तिथून घरी नेलं. "ही आपल्या दोघांना पुरून उरेल," असं ते बायकोला, द्राहोमीराबाईंना, म्हणाले. तेव्हा मला या शब्दांचा मोठा अभिमान वाटला होता. आता वाटत नाही.

आमच्याकडे कुत्रेवाले एकमेकांना भेटतात त्याची एक रीत आहे. समोरून कुणी कुत्रा घेऊन येताना दिसलं की लांबूनच ओरडून विचारायचं, "कुत्रा की कुत्री?" दोन नर समोरासमोर आले की भांडतात, आणि नर-मादी असले की काहीच होत नाही, असा सगळ्यांचा ठाम समज. ओल्द्रिखही विचारायचे. पण त्यांचा एक दुसरा प्रश्न असे, "भेटू द्यायचं का?" उत्तर येईपर्यंत ते मला हाताभोवती गुंडाळून वाटेच्या कडेला गवतात उभे राहत. समोरच्याने नको म्हटलं तर टोपीला हात लावून पुढे जात. का नको, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. लोक त्यांचं कौतुक करत आणि माझंही करत, की बघा, वादी कशी आखूड आणि नीट धरलीय.

ओल्द्रिख गेले आणि काही वर्षांत तो दुसरा प्रश्नही गावातून गेला. आता लोक ‘कुत्रा की कुत्री?’ विचारतात आणि विचारता विचारताच आकडा सोडून देतात. प्लास्टिकच्या डबीतून फितीसारख्या सुटणाऱ्या लांबच लांब दोऱ्या आल्या. कुत्रा पार वळणापलीकडे, मालक फोनवर. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, "तो काही करत नाही." इतकी वर्षं ऐकून सांगते, हे वाक्य बोलणारा माणूस स्वतःही काही करत नाही. कुत्र्याला हाकसुद्धा मारत नाही.

आणखी एक रीत ऐका. नदीकाठच्या वाटेवर कुणी कुणाचं नाव विचारत नाही. कुत्र्याचं नाव मात्र पहिल्याच भेटीत कळतं. माणसाची ओळख त्यावरूनच. द्राहोमीराबाईंची कुत्री झोफ्का, म्हणून त्या झोफ्काची बाई. रोज बरोबर चालणारी त्यांची मैत्रीण, ती पुन्त्याची बाई. मोठ्या पिवळ्या आस्तोरला मोकळा सोडून मागून हात हलवत येणारे ते आस्तोरचे साहेब. झोफ्काला कोणतं बिस्किट पचत नाही हे अख्ख्या वाटेला ठाऊक होतं. तिची वादी धरणाऱ्या बाईचं नाव एकालाही ठाऊक नव्हतं.

झोफ्का बुटकी, तांबूस, म्हातारी. तिचा एक डोळा पांढरा झालेला होता. लहानपणी कुठलासा मोठा कुत्रा तिला चावला होता, त्यामुळे मोठा कुत्रा दिसला की ती थरथर कापायची. ती थरथर माझ्यातून थेट द्राहोमीराबाईंच्या मनगटात जायची. मग त्या वाकून तिला पायाशी घ्यायच्या. नवरा गेलेला, मुलगा प्रागला. "सकाळी झोफ्का दाराशी येऊन उभी राहते म्हणून मी उठते, नाहीतर कशासाठी उठायचं," असं त्या एकदा मला तेल लावताना म्हणाल्या होत्या. त्यांच्याजवळ ती सकाळची फेरी तेवढी उरली होती.

आस्तोर बिचारा वाईट नव्हता. त्याला सगळ्यांवर उड्या मारायच्या असत, इतकंच. पण साहेबांना काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. द्राहोमीराबाईंनी विनंती केली की ते हसायचे. एकदा म्हणाले, "बाई, तुम्हीच तिला भित्री करून ठेवलीय. सोडा मोकळी. त्यांचं ते बघून घेतील."

पुन्त्याची बाई भारी बेरकी. तिने त्याच दिवशी द्राहोमीराबाईंना तोड सांगितली. "अहो, खरूज आहे म्हणून सांगायचं. माझ्या पुन्त्याला मी केव्हाची खरूज लावून ठेवलीय. बघा कशी वाट सोडतात मंडळी."

"माझ्या स्वच्छ कुत्रीला मी खरूज कशाला लावू?" द्राहोमीराबाई म्हणाल्या. "नको म्हटलेलं माणसाला कळायला हवं."

मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. ओल्द्रिखच्या हातात वाढलेली मी, मला दुसरं काय पटणार?

मग ती शरद ऋतूतली सकाळ आली. बंधाऱ्याजवळच्या वाटेवर ओल्या पानांचा थर साचला होता. समोरून साहेबांनी नेहमीच्या सवयीने आवाज दिला, "कुत्रा की कुत्री?" रोज बघूनही विचारलं.

"झोफ्का आहे हो," द्राहोमीराबाई म्हणाल्या. "त्याला धरा जरा. ही म्हातारी झालीय, घाबरते."

"तो काही करत नाही!"

आस्तोर तोवर निघालाच होता. तो आनंदाने धावत आला. झोफ्का त्याला चुकवायला बाईंच्या पायांभोवती फिरली, एकदा, पुन्हा एकदा, आणि तिच्याबरोबर मीही फिरले. आस्तोरने उडी मारली आणि द्राहोमीराबाई पानांवरून घसरून कुशीवर आदळल्या. हाड मोडलं ते मला कळलं. वेदनेने त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, तरी त्यांनी पहिली गोष्ट काय केली सांगू? मनगटातून माझा फासा काढला आणि पायांभोवतीचा माझा वेढा सैल केला. "पळ," असं त्या झोफ्काला म्हणाल्या. झोफ्का पळाली आणि मी तिच्यामागे चिखलातून फरफटत गेले.

पुढचं मला पुन्त्याच्या बाईकडून कळलं, ती त्या दिवशी मागून येत होती. साहेबांनी फोन करून रुग्णवाहिका बोलावली, एवढं माप त्यांच्या पदरात घालायला हवं. पण बाईंना उचलून नेईपर्यंत ते जमलेल्यांना हेच सांगत राहिले की वादी पायात अडकली. म्हणजे दोष कुणाचा, तर माझा. मग आस्तोरला थोपटून ते घरी गेले.

पलीकडच्या बागांच्या तारेत मी अडकले होते. दुपारी पुन्त्याच्या बाईने आम्हाला शोधून काढलं. झोफ्काला आपल्या घरी ठेवून ती इस्पितळात गेली. तिथे नाव विचारलं. तिने सांगितलं, झोफ्काची बाई. आडनाव विचारलं, तर तेही तिला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांची सोबत, आणि नाव सांगता येत नाही, म्हणून तिला परत पाठवलं. घरी येऊन ती झोफ्काजवळ जमिनीवर बसली आणि रडली.

दुसऱ्या दिवशी तिने मला सैल धरलं आणि झोफ्काला म्हणाली, "चल, घरी चल." झोफ्का पुढे, मी मध्ये, ती मागे. झोफ्काने तिला गल्लीतून, बेकरीवरून, जिन्याने थेट आमच्या दारापर्यंत नेलं. शेजारणीने नाव सांगितलं तेव्हा कुठे इस्पितळाचं दार उघडलं.

द्राहोमीराबाईंनी आधी झोफ्काची चौकशी केली म्हणे. ती सुखरूप आहे हे ऐकून उशीला टेकल्या. मग म्हणाल्या, "आणि हो, तुमचं नाव काय?"

"व्लास्ता."

दोघी हसल्या.

हाड नीट जुळलं नाही. मुलगा आला, घर रिकामं केलं आणि आईला गावाबाहेरच्या टेकडीवरच्या वृद्धाश्रमात ठेवलं. तिथे कुत्र्यांना मज्जाव. झोफ्का आणि मी व्लास्ताबाईंकडे राहिलो. रविवारी त्या आम्हाला आश्रमाच्या कुंपणापर्यंत नेतात. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून द्राहोमीराबाई हात हलवतात. झोफ्काला तितक्या लांबचं दिसत नाही. ती कुंपणालगतचं गवत हुंगत राहते. खिडकीतला हात मात्र हलतच असतो, आणि मला ते बघवत नाही.

गेल्या आठवड्यात बंधाऱ्याच्या वाटेवर पुन्हा तीच हाक आली, "कुत्रा की कुत्री?" जवळ आल्यावर साहेबांनी ओळखलं. "अरे, ही झोफ्का ना? हिची ती बाई दिसत नाही हल्ली." चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. ते विसरून गेले होते. आस्तोरचा आकडा सुटलेला होता.

व्लास्ताबाईंची मूठ माझ्यावर आवळली. मला वाटलं, आता ही बाई त्यांना द्राहोमीरा कुबात हे नाव ऐकवणार, ती खिडकी दाखवणार, चांगली खरडपट्टी काढणार. मी वाट बघत होते.

"जवळ आणू नका," त्या शांतपणे म्हणाल्या. "खरूज आहे."

मित्रांनो, साहेब धावत सुटले. दोन्ही हातांनी त्यांनी आस्तोरचा गळपट्टा पकडला, त्याला ओढत वाटेच्या कडेला नेलं आणि गवतात उभे राहिले. अगदी ओल्द्रिख उभे राहायचे तसे.

"आधी सांगायचं ना, बाई," ते म्हणाले.

आधीच सांगितलं होतं. खरं सांगितलं होतं, हात जोडून सांगितलं होतं. माझ्या अंगावर त्या चिखलाचे डाग अजून आहेत.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुत्रा पाळाल, मोठ्या हौसेने त्याला फिरायला न्याल. तुमचा कुत्रा फार गुणी असेल, मला माहीत आहे. पण समोरून कुणी ‘धरा’ म्हटलं तर धरा. का ते विचारू नका. तुम्ही धरलं नाहीत तर तीही माणसं एक दिवस खोटं बोलायला शिकतील. झोफ्काला खरूज नाही. व्लास्ताबाई तिला दर शनिवारी आंघोळ घालतात.