आधीचं बरं की हे?

"समजलं. पुढची," बाबा म्हणाले.

ऑफिसच्या जिन्यात बसून ती फोनवर वाचून दाखवत होती. खूण करायला उगारलेली पेन्सिल तिनं पुन्हा कानामागे खोचली. आज पेन्सिलीला काही कामच नव्हतं. नाटकाची बातमी झाली, माणसासारखं बोलणाऱ्या यंत्राची झाली, एकटं राहणाऱ्या लोकांच्या पाहणीची झाली. बाबांचं सगळ्यांवर तेच. समजलं, पुढची.

'आठवड्याचं गाठोडं' हा रेडिओवरचा कार्यक्रम ती लिहायची. कला, तंत्रज्ञान, विज्ञान, समाज, जगात जे काही नवं घडलं असेल ते अर्ध्या तासात बांधून शनिवारी सकाळी लोकांच्या पदरात टाकायचं. शुक्रवारी रेकॉर्डिंगच्या आधी मजकूर बाबांना ऐकवायचा, हा पहिल्या भागापासूनचा नेम. बाबांनी जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलं. बातम्यांशी त्यांचा संबंध एवढाच, की त्या त्यांना पटकन कळत नसत आणि तसं सांगायला ते लाजत नसत. "म्हणजे काय गं?" आलं की वाक्य मोडून नव्यानं लिहायचं. या म्हणजे-कायनं तिला पुष्कळ छळलं होतं. एकदा 'अल्गोरिदम'वरून बापलेकीत असं काही वाजलं की दोघांनी फोन आपटले. मग तिनंच मुकाट्यानं वाक्य सोपं केलं आणि पुन्हा फोन लावला. ऑफिसात बाबांना सगळे 'चाळणी' म्हणायचे.

गेले काही आठवडे मात्र चाळणीत काहीच अडकत नव्हतं. आपला हात बसला, असं समजून ती मनातून जरा फुगलीही होती.

रेकॉर्डिंग संपल्यावर काचेपलीकडच्या काकांनी हेडफोन उतरवले. या खोलीत त्यांचे केस पांढरे झाले होते आणि कुणाची भीड ठेवायची सवय त्यांना नव्हती.

"हे चाळणीतून गेलं?"

"गेलं की. सगळंच्या सगळं."

"मग चाळणी फाटलीय, बाई. ती ताऱ्यांची बातमी मला ओ की ठो कळली नाही."

ती हसली. घरी जाताना मात्र तिला हसू येईना. हल्ली श्रोतेही तेच कळवत होते, तुमचं गाठोडं आम्हाला सुटत नाही म्हणून. तिनं ते मनावर घेतलं नव्हतं. बाबांना कळतंय म्हटल्यावर बाकीच्यांना न कळायला काय झालं?

पुढच्या शुक्रवारी तिनं फोन केला नाही. कागद घेतले आणि सरळ बाबांकडे गेली.

टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत येत होता. तिनं बेल वाजवली, पुन्हा वाजवली, शेवटी आपल्याजवळच्या किल्लीनं दार उघडलं. स्वयंपाकघरात किटली शिट्टी मारून मारून मेटाकुटीला आली होती. आणि चार पावलांवर बाबा टेबलाशी बसून, मऊ फडक्यानं चष्म्याच्या काचा शांतपणे पुसत होते.

तिनं गॅस बंद केला. तेव्हा कुठे त्यांची मान वर झाली.

"अगं, तू? फोन नाही केलास?"

"आज समोरासमोर वाचते," ती टीव्ही बंद करत म्हणाली.

बाबा खुर्चीत ताठ बसले. परीक्षेला बसल्यासारखे.

दुकान बंद केलं तेव्हा त्यांनी फक्त दोन गोष्टी घरी आणल्या होत्या. तपासणीच्या काचांची पेटी, आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता. त्या तक्त्याखाली उभी राहून, कागद तोंडापुढे धरून ती वाचू लागली. पहिली बातमी संपवून तिनं कागद खाली घेतला. बाबांची नजर तिच्या ओठांवर खिळलेली होती.

"समजलं. पुढची."

एरवी भेटीत ते असंच तोंडाकडे बघून वेळ मारून नेत असणार. तिच्या भेटी तरी कितीशा लांब असायच्या.

तिनं तक्त्याकडे पाहिलं. लहानपणी दुकानातल्या स्टुलावर बसून तिनं असे कितीतरी लोक पाहिले होते. चष्मा नको म्हणून आधीच्या गिऱ्हाइकाचं ऐकून शेवटची ओळ पाठ करायचे आणि खुर्चीत बसले की घडाघडा म्हणून दाखवायचे. बाबा त्यांना कधी खोटं पाडत नसत. "तक्ता मळलाय," म्हणत ते उठायचे आणि तक्ता उलटा करायचे. मागच्या बाजूला दुसरी अक्षरं असत. समोरचा गप्प झाला की त्याच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवायची, एकेक काच बदलायची आणि हलक्या आवाजात विचारायचं, आधीचं बरं की हे? जाताना प्रत्येकाला ऐकवायचं, चष्म्यात कसली आलीय लाज?

तिनं कागद पुन्हा तोंडापुढे धरला आणि कागदावर नव्हतं ते वाचलं.

"शास्त्रज्ञांनी चंद्र धुवायला काढला असून तो येत्या सोमवारी वाळत घालण्यात येईल. नागरिकांनी छत्र्या बाळगाव्यात."

आवाज थांबला तसे बाबा हसून म्हणाले, "छान. हे तर अगदीच सोपं केलंस."

तिला कागद खाली घेववेना. किती शुक्रवार हा माणूस फोन कानाला लावून नुसता बसला असेल? आवाज कधी थांबतो याची वाट बघत, थांबला की बरोब्बर तेच दोन शब्द टाकत. कशासाठी, हे तिला कुणी सांगायला नको होतं. बातम्या सोडून दुसऱ्या कशासाठी तिनं शेवटचा फोन कधी केला, हे तिला आठवत नव्हतं. कसे आहात, हे ती फोन ठेवता ठेवता विचारायची. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

डॉक्टर, तपासणी, आधी का नाही सांगितलं, सगळं जिभेवर आलं. ते तिनं गिळलं. खुर्ची ओढून ती बाबांच्या डाव्या बाजूला बसली. फोन ते याच कानाला लावायचे. अगदी जवळ जाऊन ती काहीतरी बोलली. बाबांनी नुसती मान डोलावली.

ती उठली, खुर्ची उजव्या बाजूला घेतली आणि तेच पुन्हा म्हणाली.

"बाबा, आधीचं बरं की हे?"

काचेवरचं फडकं थांबलं. बाबांनी आधी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तक्ता उलटा केलास होय?"

"मळला होता."

"मघाशी काय वाचलंस?"

"चंद्र धुऊन वाळत घातला."

"आणि मी छान म्हणालो?"

"सोपं केलंस म्हणालात."

बाबांचे खांदे हसण्यानं गदगदले. हसता हसता डोळे भरले, तसे त्यांनी ते काचा पुसायच्या फडक्यानंच टिपले.

"मला वाटलं, कळत नाही म्हटलं की संपला शुक्रवार," ते म्हणाले. "मग तू कशाला फोन करशील?"

तिनं त्यांचा हात धरला.

"तुम्ही विचारत नाही, तर माझं कुणालाच कळेनासं झालंय," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. मी येते न्यायला."

"मशीन लावतील."

"लावू देत."

"लोक म्हणतील, म्हातारा झाला."

ती नुसती तक्त्याकडे बघत राहिली.

"बरं, बरं," बाबा पुटपुटले. "माझंच मला ऐकवू नकोस." मग त्यांनी तिच्या खुर्चीच्या हातावर टिचकी मारली. "हे. हे बरं आहे. वाच."

तिनं कागद मांडीवर घेतला आणि त्यांच्या उजव्या कानाशी, सावकाश वाचलं.

"फार दूरवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली आणि त्यातून उठलेल्या गुरुत्वीय लहरी इथल्या उपकरणांनी टिपल्या."

तिला त्यांच्याकडे बघण्याचा धीर झाला नाही.

"म्हणजे काय गं?"

तिनं कानामागची पेन्सिल काढली.