प्लेटा की नळ्या

रेणुकाने फुगलेली रबरी पट्टी मंदारच्या टेबलावर ठेवली. गरम माल थंड करणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या दोन प्लेटांमधली ही पट्टी गरम सॉल्व्हंटने सुजली, जागची सुटली आणि समोर कामावर उभ्या उत्तमरावांच्या अंगावर फवारा उडाला. आठवडाभर इस्पितळात तळमळून त्यांनी प्राण सोडला.

हैदराबादेतल्या जीडीमेटल्याचा तो औषधांचा कारखाना तेव्हापासून बंद होता. नवा एक्स्चेंजर कोणता घ्यायचा, हे देखभाल बघणारी इंजिनिअर म्हणून रेणुकाने सांगायचं होतं.

कारखान्याचा प्रमुख मंदार काही निर्दय माणूस नव्हता. त्याने शांतपणे हिशेब मांडला. प्लेटांचा पंधरवड्यात येतो, थोड्या जागेत मावतो. या खेपेला पट्ट्या चांगल्या जातीच्या घेऊ. पूर्ण वेल्ड केलेला घ्यावा, तर माल चिकट, आणि तसला एक्स्चेंजर उघडून धुता येत नाही. उरला जाड कवचातला, नळ्यांचा. त्यात प्लेटांमधलं रबरच नाही. पण तो बनून यायला चार महिने, बसवायला भिंत पाडायची, आणि तोवर रोजंदारीची माणसं घरी.

रेणुकाने एक दिवस मागून घेतला.

सकाळी उत्तमरावांची बायको गेटवर आली. काय काय ऐकून घ्यावं लागेल, याची मनाशी तयारी करतच रेणुका बाहेर गेली. चतुराबाईंनी नवऱ्याचं नावही काढलं नाही. मुलाला, प्रज्ञेशला, बापाच्या जागी घ्यायचं कंपनीने कबूल केलं होतं. कारखाना सुरू होईल त्या दिवसापासून.

"जल्दी येतं ते मशीन घ्या, मॅडम," त्या म्हणाल्या. "पोरगं घरात बसून परेशान आहे. सुनेला सातवा लागलाय."

"त्याच मशीनपाशी उभा राहील तो."

"ठाऊक आहे मला."

वॉचमनने आणलेलं पाणी चतुराबाईंनी तसंच ठेवलं आणि त्या निघून गेल्या.

दुपारी रेणुकाने नळ्यांचाच हवा म्हणून सांगितलं. मंदारने टेबलावरची पट्टी उचलून बाजूला ठेवली आणि हो म्हटलं.

भिंत पाडून नवा पाया भरला, त्या सुमारास बेगम बाजारात चतुराबाई दिसल्या. रेणुका घाईनेच पुढे झाली. महिन्याभरात काम सुरू होईल, प्रज्ञेशला तयार राहायला सांगा, म्हणाली.

तो थांबला नाही, चतुराबाईंनी सांगितलं. दुसऱ्या एका कारखान्यात लागला होता.

"तिथं कसलं मशीन आहे?"

चतुराबाईंनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"तुम्ही नको म्हणालात, तसलंच."

रेणुकाने कारखान्याचं नाव विचारलं. चतुराबाई अगदी हळू आवाजात, समजूत घालावी तसं म्हणाल्या,

"नक्को, मॅडम. तुम्ही तिथं जाऊन बोलाल. त्याची नोकरी जाईल."