लिफ्टमनच्या खिशातली पिपाणी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला 'किती गोंडस' म्हणू नका. गेली दोन वर्षे तेच ऐकून माझे कान किटले आहेत.

मी हातात मावणारे, सेलवर चालणारे एक जुने वाद्य आहे. अंगावर पत्र्याच्या वीस पट्ट्या, पोटात छोटासा स्पीकर आणि बाजूला वायरने जोडलेले एक पेन. पेनचे टोक पट्टीला टेकवले की सूर निघतो. तो फार गोड असतो असे मी म्हणणार नाही. डबीत कोंडलेल्या मधमाशीसारखा असतो. एका कारखान्यात लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी मला जोडले. शेवटच्या बाईने माझा एकेक सूर वाजवून पाहिला, मान हलवली आणि मला खोक्यात घातले. माझे बालपण ते एवढेच.

मला विकत घेतले एका लिफ्टमनने. कचेऱ्यांची नऊ मजली इमारत, तिच्यात एकच लिफ्ट, लिफ्टमध्ये लाकडी स्टूल आणि स्टुलावर हा माणूस. दिवसभर वर आणि खाली. त्याच्या सदऱ्याच्या खिशात मी अगदी बेतशीर बसत असे. पहिल्याच दिवशी माझा आवाज ऐकून तो म्हणाला, "ही तर पिपाणी निघाली." तेच माझे नाव पडले.

सातव्या मजल्यावर एक टायपिस्ट बाई कामाला होत्या. बंद लिफ्टची त्यांना भारी धास्ती. रोज सात मजले चढून, धापा टाकत त्या मशीनपुढे बसत. एके दिवशी पाय मुरगळला आणि जिना चढणे अशक्य झाले. त्या लिफ्टच्या दारातच थबकल्या.

"काका, मला नाही जमायचं."

"डोळे मिटून नुसतं ऐका," लिफ्टमन म्हणाला. "चाल संपली की दार उघडलंच समजा."

त्याने मला गुडघ्यावर ठेवले आणि वाजवायला घेतले. सात मजल्यांना किती वेळ लागतो हे त्याच्या अंगात मुरलेले होते. शेवटचा सूर आणि दाराचा खडखडाट एकाच वेळी झाला. बाईंनी डोळे उघडले, तर समोर त्यांची कचेरी. त्या दिवसापासून त्या लिफ्टने येऊ लागल्या.

मग एका दुपारी वीज गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत सहा माणसे, त्यांत त्या बाईही. काळोख, उकाडा, त्यात एक गृहस्थ दारावर मुठी आपटू लागलेले. लिफ्टमनने मला बाहेर काढले आणि पाऊण तास न थांबता वाजवले. मुठी थांबल्या. कुणीतरी हलकेच साथ धरली. सुटका झाल्यावर बाईंनी मला हातात घेतले आणि रुमालाने माझ्यावरचा घाम पुसला. मित्रांनो, माझे खरे कौतुक झाले ते तेवढेच.

आणि त्याचे फळ काय मिळाले? तिसऱ्याच दिवशी व्यवस्थापकांनी लिफ्टमनला बोलावून घेतले.

"तुम्हाला लिफ्ट चालवायला ठेवलंय, करमणूक करायला नाही."

"साहेब, माणसं घाबरली होती."

"तक्रार आली आहे. ते खेळणं पुन्हा दिसता कामा नये."

झाले. लिफ्टमन मग त्या बाईंसाठी तीच चाल ओठ मिटून गुणगुणत असे. मी त्याच्या छातीशी, पण मुकी. माझे काम माझ्या डोळ्यांदेखत दुसरेच कुणी करत होते आणि मला चडफडण्यापलीकडे काही करता येत नव्हते. पुढे बटणांची लिफ्ट आली, स्टूल गेले, लिफ्टमनही घरी बसला. त्याने माझे सेल काढले, मला फडक्यात गुंडाळले आणि कपाटाच्या खणात ठेवले. तिथे मी वीस वर्षे काढली.

एके दिवशी त्याच्या नातीने कात्री शोधताना खण उपसला.

"आजोबा, हे तुमचं? कसलं भारी आहे हे."

तिने टीव्हीच्या रिमोटमधले अर्धमेले सेल काढून माझ्यात घातले. मी सगळा जीव एकवटून वाजले. पण जीव होताच कितीसा! प्रत्येक सूर उतरलेला, थरथरता. तिने ते वीसच्या वीस सूर फोनमध्ये भरून घेतले आणि लोकांना ऐकायला पाठवले. लोक खुळावले. म्हणे, 'या कापऱ्या आवाजात जुना काळ आहे.' अहो, तो जुना काळ नव्हे, तो मरायला टेकलेला सेल आहे! पण माझे ऐकतो कोण? आता गावभर माझा आजारी आवाज वाजतो आणि तोच खरा म्हणून खपतो.

मला मात्र काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर टांगले. येणारा-जाणारा माझ्याबरोबर फोटो काढी. एका पाहुण्याच्या डोळ्यांत तर पाणीच आले. "माझ्या लहानपणी आमच्या शेजाऱ्यांकडे होतं हे," तो म्हणाला. त्याला मी नको होते. त्याला आठ वर्षांचा तो स्वतः हवा होता. तो गेला, मी तिथेच. दोन वर्षांत एकानेही मला काचेबाहेर काढले नाही.

मग लिफ्टमनला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, शब्द अडखळू लागले. तो दिवसभर भिंतीकडे, माझ्याकडे बघत बसे. त्याला वाजवायचे आहे, हे शेवटी नातीच्या लक्षात आले. तिने फोन पुढे केला; त्याच्या पडद्यावर माझ्यासारख्याच वीस पट्ट्या रंगवलेल्या होत्या.

"आजोबा, इथे बोट ठेवा. सेम आवाज आहे."

त्याच्या डाव्या हाताचे बोट फोनच्या काचेवर घसरले. एकदम तीन सूर वाजले, मग एकही नाही. त्याने फोन बाजूला सारला.

"हे... नाही," तो म्हणाला. "पिपाणी."

तिने मला खाली काढून त्याच्या मांडीवर ठेवले. पेन पट्टीला टेकले. आवाज नाही. तिने माझे पाठीमागचे झाकण उघडले आणि तिचा चेहरा उतरला. रिमोटचे सेल तसेच आत राहिले होते. ते फुटून त्यांचे पाणी माझ्या पोटभर पसरले होते आणि त्यावर हिरवट पांढरी बुरशी चढली होती.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या बाईंकडे ती मला घेऊन धावली.

"मी तर नुसती टांगून ठेवली होती," नात म्हणाली. "काहीच केलं नाही मी."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "काहीच केलं नाहीस."

त्यांनी मला ब्रशने घासले, स्पिरिटने पुसले, नव्या स्प्रिंगा बसवल्या. अठरा सूर परत आले. दोन नाही आले. त्यांच्याखालचे तांबेच गंजाने खाल्ले होते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी असेल, तर त्याला चौकटीत बसवू नका. वाजवा, वापरा, मधूनमधून उघडून बघा. वापरून झिजण्याचे आम्हाला दुःख नाही. आता लिफ्टमन रोज सकाळी डाव्या हाताने मला वाजवतो. चालीत त्या दोन मुक्या पट्ट्यांपैकी एखादी आली, की नात म्हणते, "आजोबा, ती वाजत नाही, पुढची घ्या." तो पुढची घेत नाही. पेन तिथेच टेकवून, माझ्याकडे कान लावून, थांबून राहतो.