साधनाची सीडी आणि तीन डबे

जानराव मिस्तरी हा बंड्या, म्हणजे बैलगाड्या, करणारा माणूस. बाभळीचं लाकूड बोटाने ठोकून ते आतून कसं आहे हे तो सांगायचा. पण कापसाने दगा दिला, गावातले बैल एकेक करून बाजाराला गेले, आणि नवी बंडी करून घेणारा कोणी उरला नाही. मग तो दाराच्या चौकटी, खाटेचे पाय असलं काहीबाही करत बसायचा. अशा माणसाने पासष्टाव्या वर्षी कॉम्प्युटरच्या सीडी वाचणाऱ्या मशीनला डबा पाहिजे म्हणून अमरावती आणि अकोला पालथं घालावं, याचं चांदूर रेल्वेच्या आसपासच्या लोकांना हसू आलं. हसणाऱ्यांना त्या सीडीत काय आहे ते ठाऊक नव्हतं.

सीडीत साधना होती.

साधना त्याची थोरली पोरगी. अमरावतीला होस्टेलात राहून शिकायची. दिवाळीच्या सुटीत घरी आली तेव्हा म्हणाली, ‘आई, मले तुझ्या हातचे कढीगोळे पायजे, अन् होस्टेलात तू नसतं. तू करून दाखव, मी शूटिंग करतो.’ मग तिची आई, पार्वताबाई, चुलीपुढे बसून सांगत गेली आणि पोरगी मोबाईल धरून मागून विचारत गेली. डाळ किती वेळ भिजवू, वाटताना पाणी घालू का, गोळा फुटला तर काय करू. पोरगी त्यात दिसत नव्हती. फक्त तिचा आवाज होता. मध्येच जानराव आत आला आणि ओरडला, ‘बंद करा ते! लाईट जायची वेळ झाली, पीठ दळून आना आधी!’ त्यावर पोरगी खळखळून हसली. ते हसणंही त्यात होतं. मग तिने ते सगळं घरच्या कॉम्प्युटरवर सीडीत भरलं, तिघांनी मिळून एकदा पाहिलं, आणि सीडी आईजवळ ठेवून ती अमरावतीला गेली.

पुढच्या श्रावणात तिला डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी ती गेली.

फोटो राहिले. आवाज कुठेच राहिला नाही. त्याच साली लोडशेडिंगनंतर लाईट आली ती अशी धाडकन आली, की कॉम्प्युटरमधून धूर निघाला आणि मोबाईलवरून त्यात उतरवलेलं सगळं जळालं. उरली ती सीडी. पार्वताबाईने ती देवघरात बाळकृष्णाशेजारी उभी करून ठेवली.

पाच वर्षं ती तिथेच होती. ऐकायचा धीर दोघांनाही झाला नाही. या वर्षी धाकट्या मुलाने, पियुषने, पुण्याहून व्हिडिओवर बोलायला म्हणून छोटा लॅपटॉप पाठवला, आणि पार्वताबाई एका सकाळी म्हणाली, ‘आवो, आता मी ऐकीन म्हन्तो.’

त्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नव्हती. शेजारच्या किसनरावाच्या टीव्हीखालच्या प्लेयरमध्ये घालून पाहिली, त्याने ती बाहेर फेकली. चांदूरचा मेकॅनिक म्हणाला, ‘काका, हे पिक्चरची सीडी नाही. तुमच्या जळक्या कॉम्प्युटरमंधी जो रायटर हाय, तो चांगला हाय. त्याच्यानंच हे लिहिलं, तो वाचन. त्याले बाहीरचा डबा आना, केसिंग म्हन्तात. त्यात बसवा, वायर लॅपटॉपले लावा.’

पार्वताबाईच्या मनात ते पक्कं बसलं. ज्याने लिहिलं तोच वाचेल.

जानरावाने रायटर काढला, धोतराच्या जुन्या पानात गुंडाळला आणि अमरावती गाठली. दुकानदाराने एक चकचकीत डबा दिला. घरी येऊन पाहतो तर डब्यातली वायर बारीक, आणि रायटरच्या मागे पितळी दातांची लांबच्या लांब रांग. एकाचं दुसऱ्याशी जुळेना. डबा परत करायला गेला तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘तुमचा जुना टाईप हाय बुवा. आता असे डबे येत नाहीत. अकोल्याले जा, जुन्या शहरात. गफ्फारभाई रेडिओवाल्याकडं असन एखादा.’

अब्दुल गफ्फारचं दुकान मोर्णा नदीच्या पलीकडे एका बोळीत होतं. एकेकाळी रेडिओ, मग टेपरेकॉर्डर, आता कॉम्प्युटरचं जुनं सामान. म्हातारा चष्मा कपाळावर चढवून बसलेला होता. त्याने रायटर हातात घेतला, दात पाहिले आणि म्हणाला, ‘ये तो अपने उमर का है, मिस्तरी.’

‘तुमाले कसं समजलं मी मिस्तरी म्हनून?’

‘रायटर दाखवाच्या आधी तुमी माह्या टेबलाचा सांधा पाह्यला.’

जानरावाला बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

गफ्फारभाईने माळ्यावरून तीन डबे काढले. एक पांढरा प्लास्टिकचा, एक काळा पत्र्याचा, एक करडा ॲल्युमिनियमचा. तिन्ही जुन्या रुंद दातांचे.

‘पांढरा दिसाले गोरा,’ गफ्फारभाई म्हणाला, ‘पन त्याले श्वास घ्याले भोक नाही. रायटर तापला की आत कोंडते. काळा मजबूत हाय, पन त्याची लाईटची वायर ढिली, मधातच दम सोडते. करडा महाग दिसते, पन त्याचा करंट त्याचा स्वतःचा, बटन बी हाय. निवडा.’

जानरावाने घाई केली नाही. चौकटीत दार बसवून पाहावं तसा त्याने रायटर तिन्ही डब्यांत सरकवून पाहिला. पांढऱ्यात तो घासत गेला. काळ्यात खुळखुळला. करड्यात असा गेला की ना ढकलावं लागलं, ना हलला. जानरावाने डबा कानाशी धरून हलवला. काही वाजलं नाही.

‘हा,’ तो म्हणाला.

गफ्फारभाईने चार स्क्रू आवळले, आपल्या कॉम्प्युटरला वायर लावली, एक कव्वालीची सीडी घातली. रायटर गुणगुणला आणि दुकानभर टाळ्या वाजू लागल्या.

‘पाच वर्षं झोपला व्हता,’ गफ्फारभाई म्हणाला, ‘पन सूर नाही विसरला.’

जानराव घरी पोचला तेव्हा पार्वताबाईने अंगण सारवून ठेवलं होतं, जसं कोणी पाहुणं यायचं असावं. ती हात धुऊन आली. देवघरातून सीडी दोन्ही हातांनी उचलून आणली आणि त्याच्या हातात दिली. ट्रे आत गेला. हिरवा दिवा लागला. मशीन घूं करून फिरली, थांबली. पुन्हा फिरली, पुन्हा थांबली. असं सात-आठदा झालं. मग लॅपटॉपवर पाटी आली, की सीडी टाका.

‘टाकली तर हाय,’ पार्वताबाई पडद्याला म्हणाली.

जानरावाने काढून पुन्हा घातली. तीच पाटी.

‘डबाच चुकला असन,’ ती म्हणाली. ‘आवो, रायटर तर आपलाच हाय.’

डबा चुकलेला नव्हता, हे त्याच्या हाताला माहीत होतं. चार दिवसांनी, पार्वताबाई शेतात निंदायला गेल्यावर, त्याने सीडी देवघरातून काढून डब्यासकट थैलीत घातली आणि पुन्हा अकोल्याची गाडी धरली.

गफ्फारभाईने सीडी खिडकीच्या उजेडात धरली.

‘मिस्तरी, इले घासलं कोनं?’

‘कोनी नाही. देवघरात व्हती.’

‘देवघरात,’ म्हातारा म्हणाला. त्याने सीडी तिरपी केली. चमकत्या बाजूवर बारीक बारीक गोल रेघा होत्या, हजारो, एकात एक. आणि मधोमध भोकाजवळ एक तांबूस डाग, आत मुरलेला. ‘हे काय हाय?’

जानरावाने तो डाग ओळखला. कुंकू होतं ते.

मग त्याच्या डोळ्यांपुढे सगळं आलं. दर सणाच्या आदल्या दिवशी पार्वताबाई देव उजळायला बसायची. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, घंटा, समई, सगळं चिंचेने आणि राखेने घासून लख्ख करायची. आणि त्यांच्यासोबत सीडीही घासायची. चमकणारी बाजू ती तोंड समजायची, अक्षरं लिहिलेली बाजू पाठ. घासून, धुऊन, पदराने पुसून ती तोंडाला कुंकू लावायची. पाच वर्षांतले सगळे सण. जानरावाने शंभर वेळा ते पाहिलं होतं आणि त्याला बरं वाटलं होतं, की पोरगी अशी लख्ख राहते.

‘भाई, हिची चमकती बाजू म्हंजे...’

‘त्याच बाजूनं वाचते, मिस्तरी.’

गफ्फारभाईने प्रयत्न सोडला नाही. मऊ कापडावर टूथपेस्ट घेऊन तो मधून कडेकडे, मधून कडेकडे असं हलकं पुसत राहिला. दुपारची नमाज पढून आला आणि पुन्हा पुसायला बसला. तीन मशिनींत घालून पाहिली. तिसऱ्या मशिनीने बराच वेळ धडपड केली आणि पडद्यावर एक ओळ उमटली. इंग्रजी अक्षरांत नाव होतं. जानरावाने एकेक अक्षर लावून वाचलं. आईचे कढीगोळे. पुढे लिहिलं होतं, अकरा मिनिटं.

गफ्फारभाईने ते दाबलं. मशीन कण्हली आणि नावही गेलं. पुन्हा ते आलंच नाही.

‘अल्ला,’ म्हातारा एवढंच म्हणाला.

जानराव बाकावर बसून राहिला. अकरा मिनिटं. त्यात आपण ओरडलो ते किती? आणि ती हसली ते किती? एवढंसं असेल. तेवढंच त्याला ऐकायचं होतं. बाकीचं नसतं ऐकलं तरी चाललं असतं.

‘भाभीले काय सांगान?’ गफ्फारभाईने विचारलं.

‘तिच्याच हातानं गेलं हे मी तिले कसं सांगू, भाई? ती त्याच हातानं भाकर थापते.’

म्हातारा उठला. माळ्यावरून काळा डबा काढला, रायटर करड्यातून काढून त्यात बसवला आणि जानरावाच्या थैलीत ठेवला.

‘याच्यानं काय व्हईन?’

‘काहीच नाही व्हनार. म्हना, डबा बदलून आनला.’

तर असा तो काळा डबा घरी आला. सीडी गुपचूप देवघरात गेली, आणि संध्याकाळी पार्वताबाईने स्वतःच्या हाताने काढून दिली. मशीन फिरली, थांबली, फिरली, थांबली. जानराव पडद्याकडे न पाहता तिच्या हातांकडे पाहत होता. हात जोडलेले होते.

‘याची लाईटची वायर ढिली हाय,’ तो म्हणाला. ‘गफ्फारभाई म्हनलाच व्हता.’

‘मंग दुसरा पाहा.’

महिन्याभराने पांढरा आला. तोही फिरला आणि थांबला. ‘याले श्वास घ्याले जागा नाही,’ जानराव म्हणाला. आपलं खोटं बोलणंही किती बारीक कारागिरीचं झालं आहे, हे त्याचं त्यालाच जाणवलं.

पार्वताबाईने मान हलवली. ‘बरं,’ म्हणाली.

मग दसरा आला. आदल्या दिवशी ती ओट्यावर देव उजळायला बसली. चिंच भिजवलेली, राख परातीत. जानराव समोर हत्यारं पुसत होता, पटाशी, रंधा, करवत, दुसऱ्या दिवशी पूजेला मांडायची म्हणून. बाळकृष्ण झाला, अन्नपूर्णा झाली, घंटा झाली. सीडी तिच्या मांडीशेजारी पांढऱ्या फडक्यावर ठेवली होती. ती तिने उचलली नाही. परात बाजूला सारली आणि हात धुऊन टाकले.

जानरावाच्या हातातली पटाशी थांबली.

‘हिले नाही घासत?’

‘नाही.’

जानरावाने पटाशी खाली ठेवली.

‘कोनं सांगतलं तुले?’

‘कोनी कायले सांगन? तुमी काळा डबा आनला त्या दिवशी सीडी देवघरात उलटी ठेवली. अक्षरं पुढं, तोंड मांगं.’ तिने फडकं नीट केलं. ‘पाच वर्षं मी तशी कधी ठेवली नाही. मी म्हनलं, यायनं तोंड काहून लपवलं? मंग उजेडात धरून पाह्यलं. माह्या हाताच्या रेघा हायत त्या. गोल गोल. मी परात बी तशीच घासतो.’

जानराव म्हणाला, ‘मंग पांढरा डबा काहून आनू देल्ला?’

‘तुमी एवढ्या दूर जाऊन राहिले व्हते. मी काय म्हनू?’

तिने पदर तोंडात धरला. जानराव उठून तिच्याजवळ जमिनीवर बसला, चिंचेच्या पाण्यात, धोतर भिजलं तरी.

‘नाव दिसलं व्हतं,’ तो म्हणाला. ‘अकोल्याले. एकडाव.’

तिने मान वर केली. ‘काय नाव ठेवलं व्हतं तिनं?’

‘आईचे कढीगोळे. अकरा मिनिटं.’

‘अकरा मिनिटं,’ ती म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, ‘त्याच्यात तुमी वरडले व्हते.’

‘हो.’

‘अन् ती हसली व्हती.’

‘हो.’

ती सीडीकडे पाहत राहिली. ‘आता तुमी तो अकोल्याचा डबा आनू नका,’ ती म्हणाली. ‘तुमी मिस्तरी हाय. तुमी करा एक. सागवानाचा. हे सीडी अन् तो रायटर दोघंबी बसतीन असा.’

‘त्याले वायर नसन. तो वाजनार नाही.’

‘मले मालूम हाय.’

दसऱ्याच्या दिवशी त्याने पूजा झालेली हत्यारं कामाला काढली नाहीत, तसा नेमच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याने शेवटच्या बंडीचं उरलेलं सागवान माळ्यावरून खाली घेतलं आणि रायटर त्यावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारली. मग सीडी ठेवून दुसरी रेघ मारली. पार्वताबाई चुलीपाशी डाळ वाटत होती. तिथूनच तिने सांगितलं,

‘झाकनाले खिळे ठोकू नका. बिजागरी लावा.’

‘बरं,’ जानराव म्हणाला, आणि रंधा लाकडावर ठेवला.