आरशासारखा उतार

लाकूड घोटण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या हातात गवंड्याची थापी देऊ नये. पण हे शहाणपण त्या घराला जरा उशिराच सुचलं.

त्या घरच्या कर्त्या माणसाला गल्लीत सगळे आरसेवाले म्हणत. त्यांनी पॉलिश केलेल्या टेबलात बघून माणसं भांग पाडतात, अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या स्वतःच्या दारातली सिमेंटची पायरी मात्र कित्येक वर्षं फुटकी होती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच. कोपऱ्याचा टवका उडाला की आरसेवाले मूठभर सिमेंट कालवायचे आणि खालची धूळसुद्धा न झाडता वरून थापून द्यायचे. थोड्याच दिवसांत त्याचा पोपडा सुटायचा. मग "उद्या नीट करतो" हे ठरलेलं.

एका सकाळी असाच पोपडा त्यांच्या बायकोच्या पायाखालून निसटला. घोटा मोडला. ती थोरल्या बहिणीकडे राहायला गेली, कारण तिथे पायरीच नव्हती. गाडीत बसताना ती एवढंच म्हणाली, "अहो, आता या घरात ती पायरी तरी राहील, नाहीतर मी."

घोटा जुळला, ती काठी घेऊन चालायला लागली, तरी यायचं नाव काढेना. आरसेवाल्यांना घर खायला उठलं. भाजीत मीठ कमी आहे म्हणायलाही कुणी उरलं नव्हतं. सूनबाई होती, पण तिच्या भाजीला नावं ठेवायची त्यांची छाती नव्हती.

शेवटी त्यांनी घण उचलला आणि पायरी मुळापासून फोडली. ते कानावर गेल्यावर बायको एका रविवारी येऊन बघायला तयार झाली. तिच्या जागी काठीवाल्या माणसाला सोपा पडेल असा उतार करायचं ठरवलं. या वेळी काम पक्कं झालं. खाली खडी ठोकून बसवली, कडेला फळ्या लावल्या, काँक्रीट दाबून भरलं. वरचं पाणी आटेपर्यंत कळ काढली आणि मग थापी हातात घेतली. खरं तर तिथेच घात झाला. ते घोटत राहिले. सूनबाईनं दोनदा जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत. आठवडाभर ओली पोती टाकून त्यांनी उताराला पाणी पाजलं, आणि पोती काढली तेव्हा उतारात शेजारच्या घराची खिडकी दिसत होती.

"बाबा, सुंदर झालाय," सूनबाई म्हणाली. "पण यावरून चालायचं कसं?"

"पायांनी," आरसेवाले म्हणाले.

तिनं उतारावर तांब्याभर पाणी ओतलं, आत जाऊन सासूबाईंची चप्पल आणली आणि वरच्या टोकाला ठेवून हात सोडला. चप्पल जी निघाली ती थेट फाटकाला जाऊन थडकली.

बायको तर गेलीच होती, आता तिची चप्पलही निघाली होती. त्यांनी फाटकापर्यंत जाऊन ती उचलून आणली आणि बायकोला फोन लावला.

"रविवारी येऊ नकोस," ते म्हणाले.

"का हो? इतक्यात सवय झाली का एकट्याची?"

"तसं नाही गं. उतार केलाय. पण..."

"गुळगुळीत केलात ना?"

"थोडासा."

पलीकडून फुस्स असा आवाज आला. ती रागावली की हसली, हे त्यांना कळेना. मग ती म्हणाली, "मी एकदाच येऊन बघीन. तेव्हाही पाय घसरला तर इथेच बरी आहे मी."

छिन्नी घेऊन आपल्याच हातचा आरसा टोचताना आरसेवाल्यांचा जीव तुटत होता. पण टोचला त्यांनी, सगळा. धूळ झाडून, धुऊन काढली. ओल्या पृष्ठभागावर सिमेंटची खीर फासली आणि वर नवा थर दिला. तो आवळून जरा घट्ट झाल्यावर सूनबाईनं अंगणातला खराटा त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोळे अर्धे मिटून तो उतारावरून आडवा ओढला. खरखरीत रेघा उमटल्या. हात लगेच थापीकडे गेला, पण थापी जागेवर नव्हती. ती सूनबाईनं पिठाच्या डब्यात लपवली होती. ती दुपार त्यांनी कशी काढली, ते त्यांनाच ठाऊक.

पोती वाळली, पुन्हा भिजली, आणि ठरल्या दिवशी बायको आली. गाडीतून उतरून तिनं आधी सूनबाईकडून तांब्याभर पाणी मागवलं आणि स्वतःच्या हातानं उतारावर ओतलं. आरसेवाल्यांनी हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही. ती एकेक पाऊल टाकत निघाली. आरसेवाले श्वास रोखून तिच्या टाचांकडे बघत राहिले. टाच कुठेही हलली नाही.

वर पोचल्यावर तिनं टेकायला भिंत धरली आणि खाली बघितलं. भिंतीलगत, जिथे कुणाचा पाय पडायचा नाही अशा कोपऱ्यात, तळहाताएवढा तुकडा लखलखत होता.

"हे कशानं केलंत?"

"चमच्यानं," आरसेवाले म्हणाले. "अगदीच राहवलं नाही गं."

सूनबाईनं कपाळावर हात मारला. बायकोनं त्या तुकड्यात वाकून बघितलं, विस्कटलेले केस नीट केले आणि काठी तिथेच भिंतीला टेकवून उंबऱ्यात पाय ठेवला. मागे खाडकन आवाज झाला. त्या लखलखीत तुकड्यावरून काठी सरकली आणि गडगडत फाटकापर्यंत गेली.

आरसेवाले ती आणायला धावले.

"राहू द्या हो तिथेच," बायको आतून म्हणाली. "काठीच घसरली, मी नाही. आत या, आज भाजी मी करते."