कोरडी हवा

लेकीने खुर्चीवरची शाल अंगाभोवती घट्ट ओढून घेतली आणि पुन्हा त्या तबकडीकडे पाहिलं. थांबायचं नाव नाही. ताटाएवढी पातळ तबकडी, तिच्यावर चिकटवलेल्या चंदेरी पट्ट्या, दोन्ही अंगांना तांब्याच्या तारांचे ब्रश आणि मधूनच लुकलुकणारा इवलासा दिवा. बॅटरी नाही, वायर नाही.

"एकदा हातानं फिरवली की झालं," वडील म्हणाले. "स्वतःची वीज स्वतः करते, तिच्यावरच फिरते."

शेजाऱ्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढून सगळीकडे बभ्रा केला होता आणि उद्या सकाळी वर्तमानपत्राचा माणूस येणार होता. लेक वीजकेंद्रात इंजिनियर. फुकटात काही फिरत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जन्मभर मोटारी दुरुस्त करणाऱ्या आपल्या बापाचं चारचौघांत हसं होणार, या धास्तीने ती रजा टाकून धावत आली होती.

ती वाकली. पट्ट्यांची टोकं सुटून वर उचलली गेली होती, सगळी एकाच बाजूला. तिच्या मानेवर गार झुळूक आली, तशी तिने वर पाहिलं. बाहेर कडाक्याची थंडी, खिडक्या गच्च बंद, वडिलांच्या कानांवर मफलर आणि डोक्यावर पंखा चालू.

"पंखा कशाला, बाबा?"

"हवा कोरडी लागते. दमट हवेत ही वीज टिकत नाही."

उत्तर पाठ केल्यासारखं आलं. ते खोटंही नव्हतं. तिने बटणाकडे हात नेला.

"नको बंद करूस."

"बाबा, ही वाऱ्यावर फिरतेय."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मोटारींपायी केस पांढरे केले मी. एवढंही कळणार नाही होय मला?"

"मग उद्या त्या माणसाला काय सांगणार?"

वडील कोपऱ्यातल्या रिकाम्या पलंगाकडे बघत राहिले. गादी गुंडाळून ठेवलेली होती. शेवटी शेवटी आईला सारखी धाप लागायची. तोंडावर वारा आला की तेवढंच बरं वाटायचं. 'पंखा बंद करू नका हं,' असं ती झोपेतसुद्धा बजावायची. लेकीला ते आठवलं.

"खरं तेच सांगेन. हसतील, हसू देत," वडील म्हणाले. "पण हे निमित्त गेलं, की उद्यापासून जो तो विचारेल, एवढ्या थंडीत पंखा कशाला? त्यांना काय सांगू?"

लेकीने बटणावरचा हात काढला. अंगावरची शाल उतरवून, घडी घालून ती पलंगावर ठेवली आणि पंख्याखाली येऊन बसली.

"सांगा, लेक आलीय राहायला," ती म्हणाली. "तिला फार गरम होतं."